टोस्टरची वही, उद्यमनगर, कोल्हापूर

३ जून

काल सकाळी आईला टोस्टरचा शॉक बसला. पायात चप्पल होती आणि हात झटकला गेला म्हणून निभावलं, पण कोपर ओट्यावर आपटून निळं पडलंय. स्लाइस आत राहिली होती, ती सुरीनं वर काढायला गेली. खटका वर आलेला, तारा विझलेल्या. तिला वाटलं करंट बंद आहे. मलाही तसंच वाटलं असतं.

आज तो टोस्टर वर्कशॉपला आणून उघडला. स्क्रू तिकोनी डोक्याचे, साध्या पेचकसानं उघडूच नयेत असे. दोन गोष्टी सापडल्या. आतला स्विच एकच वायर तोडतो. आणि आमच्या ओट्यावरच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेत, टेस्टर डाव्या भोकात पेटतो. या दोन्ही चुका एकत्र आल्या की टोस्टर बंद असतानाही ब्रेड भाजणाऱ्या नायक्रोमच्या तारेवर २३० व्होल्ट उभे असतात, तार मात्र थंड आणि काळी दिसते. सॉकेट संध्याकाळीच नीट करून घेतलं.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे. स्लाइस अडकलीच नव्हती. कोपऱ्यावरच्या बेकरीतली स्लाइस ९२ बाय ९५ मिलिमीटर भरली. खाच बनवलीय मोठ्या ब्रेडसाठी. खटका पूर्ण वर आला तरी आपली स्लाइस जेमतेम ८ मिलिमीटर बाहेर डोकावते, आणि तीही तापलेली. बोटांत येत नाही म्हणून माणूस सुरी घेतो.

पत्र्याचं काम करणाऱ्या माणसानं हे बघून गप्प बसणं बरोबर नाही. वही आजपासून सुरू.

५ जून

काय हवंय ते ठरवायला रात्री स्वयंपाकघरात बसलो. वहिनींनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "तव्यावर दोन मिनिटांत होतंय की भाऊजी, त्याला मशीन कशाला पायजे?"

आज सकाळी सात ते आठ नुसता बघत उभा राहिलो, तेव्हा उत्तर मिळालं. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याच्या चपात्या. तवा मोकळाच नसतो. टोस्टर ही घरातली तिसरी शेगडी आहे, तीही अशी की जिच्याजवळ कुणी उभं राहू शकत नाही. तव्यावरचा ब्रेड बाई डोळ्यानं बघून उलटते. टोस्टरजवळ कुणी नसतं, म्हणून बघायचं काम टोस्टरनंच करायला हवं.

आई त्याला टोस्टर म्हणत नाही. आपल्याकडे टोस्ट म्हणजे बेकरीतला कडक, चहात बुडवायचा. ती म्हणते, ब्रेड भाजायचं मशीन. मला हे नाव जास्त बरोबर वाटतं. भाकरी भाजणारी कुणी घड्याळ लावून भाजत नाही. बाजारातला बहुतेक प्रत्येक टोस्टर नेमकं तेच करतो. त्याच्या गोल बटणावर १ ते ६ आकडे असतात, ते रंगाचे वाटतात, पण आत फक्त वेळ मोजली जाते.

तर मला हवं ते असं. ब्रेड बघून थांबावं. लहान स्लाइस बोटांनी धरता यावी एवढी वर यावी. अर्धा कापलेला पावही मावावा. झुरळ आत जाऊ नये. आणि कुठल्याही गल्लीतल्या रिपेअरवाल्याला साध्या पेचकसानं उघडता यावं.

९ जून

एलिमेंटचा, म्हणजे तापणाऱ्या तारेचा, हिशोब. ९०० वॅट धरले. २३० व्होल्टला ३.९ अँपियर होतात, स्वयंपाकघरातल्या साध्या ६ अँपियरच्या सॉकेटला झेपतं. रोधन ५८ ओहमच्या आसपास हवं.

आधी ०.४ मिलिमीटरची गोल तार धरली होती. मीटरला साधारण ८.७ ओहम, म्हणजे पावणेसात मीटर तार. लावून बघितली तर पिवळट-नारिंगी पेटली, डोळ्याला टोचेल अशी. तारेचा पृष्ठभाग कमी पडतो, तेवढे वॅट बाहेर टाकायला तिला फार तापावं लागतं आणि अशी तार लवकर तुटते. म्हणून १ मिलिमीटर रुंद, ०.१ जाडीची चपटी पट्टी आणली. आडवा छेद गोल तारेपेक्षाही थोडा कमी, लांबी सव्वापाच मीटरवर आली, तरी पृष्ठभाग दीडपटीच्या जवळ जातो. आता लालसर नारिंगी पेटते. एकच लांब खाच ठेवायची, त्यात दोन लहान स्लाइस शेजारी-शेजारी उभ्या. दोन्ही बाजूंना मायकाचा, म्हणजे अभ्रकाचा, एकेक पत्रा, प्रत्येकावर निम्मी पट्टी, दोन्ही सिरीजमध्ये.

मागच्या परावर्तकासाठी वर्कशॉपचे मेस्त्री जीआयचा पत्रा घेऊन आले, पडून होता म्हणून. नको म्हटलं. त्यावरचं जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून खराब व्हायला लागतं. जिथं खायचं भाजायचं तिथं जस्त नकोच. स्टेनलेसचा चकचकीत पत्रा लावला.

१२ जून

पहिल्यांदा पूर्ण तापवला. वर्कशॉपभर धूर. मायकाची शीट म्हणजे अभ्रकाचे पापुद्रे राळेनं चिकटवलेले असतात, ती राळ पहिल्या तापात जळते. पाच वेळा रिकामाच चालवला, मग वास गेला. नव्या टोस्टरच्या पहिल्या ब्रेडला जो वास येतो तो हाच. घरी पाठवण्याआधी हे जाळणं इथंच करायचं.

एक चूक माझी. पट्टीचं टोक वायरीला शिशानं डाखलं होतं. डाख १८३ अंशांना वितळतो हे माहीत असून घाईत केलं. तिसऱ्या फेरीत टोक सुटून पत्र्याला टेकलं आणि वर्कशॉपचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, पडला. आता टोकाला रिव्हेट, स्टेनलेस वॉशर आणि वायरीवर काचेच्या धाग्याची स्लीव्ह. या यंत्रात डाख कुठंच वापरायचा नाही.

१८ जून

आजचा दिवस या वहीतला सगळ्यात उपयोगी.

टेबलावर डिमरस्टॅट ठेवून व्होल्टेज हवं तसं बदललं. टाइमर ठरावीक, २ मिनिटं १० सेकंद. सगळ्या स्लाइस एकाच पुडक्यातल्या. २३० व्होल्टला छान सोनेरी. १९० ला पांढरीफटक, नुसती सुकलेली. २४५ ला कडा काळ्या.

कारण सरळ आहे. वॅट व्होल्टेजच्या वर्गानं बदलतात. १९० म्हणजे २३० च्या ८३ टक्के, पण वॅट उरतात ६८ टक्के, ९०० चे ६१४. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आठवडाभर मीटर लावून ठेवला होता. संध्याकाळी सातला १९६, पहाटे २४३. आकड्याचं बटण एकाच जागी ठेवून सकाळी करपतं आणि संध्याकाळी कच्चं राहतं, त्यात बाईची काही चूक नाही.

पुढं २३० वरच, पण लगेच दुसरा घाणा टाकला. काळपट. आतलं सगळं आधीच तापलेलं असतं. मग फ्रिजमधली स्लाइस. फिकी. मग कालचा उघडा राहिलेला ब्रेड. जास्त लाल. व्होल्टेज, आतला उरलेला ताप आणि ब्रेडमधलं पाणी, या तिन्हींपैकी एकही गोष्ट टाइमरला कळत नाही.

१९ जून

हुपरीच्या पाहुण्यांकडून चांदी तोलायचा छोटा काटा आणला. स्लाइस भाजण्याआधी २४.६ ग्रॅम, भाजल्यावर २१.१. साडेतीन ग्रॅम पाणी उडालं.

घड्याळ लावून काचेतून बघितलं तर पहिला दीड मिनिट काहीच दिसत नाही. पृष्ठभाग ओला असेपर्यंत तो शंभर अंशांच्या फार वर जातच नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. वरचा थर सुकला की तापमान झरझर चढतं. १४० च्या पुढं ब्रेडमधली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी लागून रंग धरतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, तिला नावही त्यांचंच आहे. आणि रंग गडद झाला की स्लाइस आणखी उष्णता शोषते, म्हणून शेवटचे वीस सेकंद धावतात. सोनेरी आणि करपलेलं यांत अंतर एवढंच. भाकरीचंही असंच असतं, आई शेवटच्या क्षणी नजर काढत नाही.

२७ जून

पाऊस. लेथवर काम नाही, म्हणून जुनं वाचत बसलो.

नायक्रोम नसता तर टोस्टर झालाच नसता. निकेल-क्रोमियमची ही तार अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी शोधली, पेटंट १९०६ चं. तोवर लालबुंद तापून हवेत टिकेल अशी स्वस्त तार नव्हती. तीनच वर्षांत, १९०९ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती टोस्टर बाजारात आला. त्यात एका वेळी एकच बाजू भाजायची, उलटायचं हातानं. स्लाइस आपोआप वर येणाऱ्या टोस्टरचं पेटंट चार्ल्स स्ट्राइट यांना १९२१ मध्ये मिळालं. कारखान्याच्या कँटीनमध्ये ब्रेड करपायचा, म्हणून हा माणूस कामाला लागला होता. गंमत म्हणजे कापलेला ब्रेड विकायला आला तो त्यानंतर, १९२८ मध्ये.

मला थांबवलं ते १९४९ च्या सनबीमनं. त्या टोस्टरमध्ये द्विधातूची पट्टी ब्रेडच्या पृष्ठभागाकडून येणारी उष्णता घेऊन वाकते आणि करंट तोडते. म्हणजे जे मी शोधतोय ते पाऊणशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, इलेक्ट्रॉनिक्सशिवाय. ते मागं पडलं, कारण वेळ मोजणारं सर्किट स्वस्त पडतं.

यानं हुरूप आला. बाबूराव पेंटरांनी याच गावात परदेशी कॅमेरा बघून सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. आपल्याला तर फक्त एक पट्टी वाकवायची आहे.

४ जुलै

द्विधातूची पट्टी मोटरच्या जुन्या ओव्हरलोड रिलेतली (जादा करंट आला की मोटर बंद करणाऱ्या स्विचमधली) काढली, भंगारात हवे तेवढे पडलेत. तिच्यावरचं वेटोळं सोडवून खाचेच्या मध्यावर, ब्रेडसमोर बसवली.

फसलं. पट्टी ब्रेडऐवजी तारेच्याच तापानं वाकते. चाळीस सेकंदांत स्लाइस बाहेर, दुधासारखी पांढरी. स्टेनलेसच्या पातळ पत्र्याचा आडोसा तार आणि पट्टीच्या मध्ये लावला, पट्टीला फक्त ब्रेड दिसेल असा. बरंच सुधारलं. पहिला घाणा बरोबर, दुसरा पुन्हा लवकर बाहेर. सांगाडा तापलेला असला की पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते.

११ जुलै

मेस्त्रींचा दिवस.

मी तीन दिवस स्प्रिंग बदलत बसलो होतो. ते चहा घेऊन आले, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मालक, रिले नीट बघितलाय न्हवं? त्यात पट्ट्या दोन तऱ्हेच्या असत्यात. एक मोटरच्या करंटनं तापतीय, दुसरी नुसत्या हवेच्या तापानं. दुसरी पहिलीची चूक काढून टाकतीय."

आयुष्यभर रिले दुरुस्त केले त्यांनी. मी तोच रिले फोडून एक पट्टी घेतली आणि दुसरी भंगारात टाकली होती.

दुपारी दोन पट्ट्या बसवल्या, सारख्या लांबीच्या, सारख्या दिशेनं वाकणाऱ्या. पुढची ब्रेडकडे तोंड करून. तिच्यामागची आडोशात, तिला फक्त सांगाड्याचा ताप लागतो. कॉन्टॅक्टचा एक बिंदू एकीवर, दुसरा दुसरीवर. सांगाडा तापला की दोघी बरोबर वाकतात, मधलं अंतर तसंच राहतं. ब्रेड सुकून तापला की पुढची एकटीच जास्त वाकते आणि बिंदू सुटतात.

डिमरस्टॅटवर परत सगळं केलं. १९० व्होल्टला ३ मिनिटं २० सेकंद. २१० ला २ मिनिटं ४०. २३० ला २ मिनिटं १०. २४५ ला १ मिनिट ५२. दुसरा घाणा, २३० वर, १ मिनिट ३५. पाचही स्लाइस ओळीनं मांडल्या तर मेस्त्रींना कुठली कुठल्या व्होल्टेजची ते सांगता येईना. मलाही नाही.

नंतर वॅट आणि वेळ गुणून बघितलं. पहिल्या घाण्यातल्या चारही वेळा ११४ ते १२३ किलोज्यूलच्या आत. ब्रेडला लागतं तेवढंच तो घेतोय.

फ्रिजमधल्या स्लाइसलाही जमलं, तिला पावणेतीन मिनिटं लागली.

२४ जुलै

पंचगंगा वाढतेय, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी येईल असं सगळे म्हणतायत. दुपारी चार वेळा लाइट गेली. त्यानं डिझाइनमधली मोठी चूक दाखवली.

खटका मी आकड्यानं, म्हणजे हुकानं, अडकवला होता. खाली दाबला की आकडा धरतो, पट्टी वाकली की आकडा सोडते. साधं, कमी भागांचं, मला फार आवडलेलं. पण लाइट गेली तेव्हा खटका खालीच राहिला. माणूस वाट बघून बाहेर गेला, तासाभरानं लाइट आली, तर रिकाम्या घरात टोस्टर आपोआप सुरू होणार. हे चालणार नाही.

म्हणून आकडा काढला. आता खटका विद्युतचुंबक धरून ठेवतो, पट्ट्यांचा कॉन्टॅक्ट फक्त चुंबकाचा करंट तोडतो. लाइट गेली की चुंबक सुटतो, ब्रेड अर्धा भाजून वर येतो आणि खटका पुन्हा दाबल्याशिवाय काही चालू होत नाही. चुंबकाला १२ व्होल्ट पुरतात, ते नायक्रोमच्या पट्टीवरूनच घेतले. शेवटचे २८ सेंटिमीटर सोडून फाटा काढला आणि एक डायोड. १७० व्होल्टपर्यंत चुंबक धरतो, तपासलं. मात्र हे १२ व्होल्ट २३० च्या मेन लाइनपासून वेगळे केलेले नाहीत. चुंबकाच्या वेटोळ्याला हात लावला तर मेनचाच शॉक. त्याला बॉडीपासून मायकानं पूर्ण तोडलं आणि आत लाल रंगानं खूण केली, उघडणाऱ्या मिस्त्रीला दिसावी म्हणून.

कॉन्टॅक्टचे बिंदू चिकटून बसले तर? म्हणून वेगळा थर्मल फ्यूज, २४० अंशांचा, सांगाड्याच्या वरच्या कडेला. तो उडाला की टोस्टर कायमचा बंद, कारण शोधल्याशिवाय बदलायचा नाही.

२ ऑगस्ट

पुरामुळे आठ दिवस वर्कशॉप बंद. पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलं नाही. दोन कामगार अजून गावाकडे अडकलेत.

९ ऑगस्ट

स्लाइस मध्यात उभी राहणं किती महत्त्वाचं आहे ते आज कळलं. बारा मिलिमीटरची पातळ स्लाइस रुंद खाचेत एका बाजूला कलते, ती बाजू करपते, दुसरी कोरी. खाच अरुंद केली तर पाव मावत नाही.

उपाय कैचीचा. स्टेनलेसच्या १.६ मिलिमीटर तारेच्या दोन जाळ्या, खाली कैचीसारख्या जोडलेल्या. खटका खाली गेला की जाळ्या दोन्हीकडून सारख्या आत येतात आणि जे असेल ते मध्यावर धरतात. बारा मिलिमीटरची स्लाइस असो की चाळीसचा अर्धा पाव. खटका वर आला की जाळ्या उघडतात, म्हणजे ब्रेड अडकायचा प्रश्नही गेला.

खालची कड पांढरी राहत होती. खालून गार हवा येते, म्हणून. मायकावर खालच्या तीन वेढ्यांमधलं अंतर ८ वरून ५ मिलिमीटर केलं. आता कड एकसारखी.

उचल ३४ मिलिमीटर ठेवली. लहान स्लाइस साधारण तिसरा हिस्सा बाहेर येते, दोन बोटांत नीट बसते.

१५ ऑगस्ट

सुट्टी, घरी मिसळ. पुण्या-मुंबईकडे मिसळीबरोबर पाव देतात, आपल्याकडे स्लाइस. मग टोस्टरची खरी परीक्षा कटात व्हायला हवी.

पुतणीनं मनापासून घेतलं. ताटलीत कट, एकीकडे साधी स्लाइस, दुसरीकडे आपल्या टोस्टरची, मोबाइलवर वेळ लावली. साधी दहा सेकंदांत लिबलिबीत, उचलताना तुटली. भाजलेली चाळीस सेकंद झाले तरी उचलून तोंडापर्यंत गेली. आतून मऊ, वरचं कवच शाबूत. म्हणाली, "काका, मी अजून दोन खातो, लाव." तिच्यासाठी चार घाणे झाले, लागोपाठ, एकही करपला नाही.

वहिनींनी एक बारीक गोष्ट सांगितली, ती मला सुचली नसती. एका बाजूनं बटर लावून मग भाजायची सवय असते काहींना. बटर खाली गळून तारेवर पडलं तर धूर होणार. खालचा ट्रे तारांच्या सरळ खाली आणि उतरता करायचा, गळलेलं तारेला न लागता ट्रेमध्ये जाईल असा. तरी या मशीनवर लिहून ठेवणार: बटर भाजल्यावर.

२२ ऑगस्ट

झुरळं. जुन्या टोस्टरच्या तळाशी अंड्यांची तीन पाकिटं निघाली होती. त्यांना चुरा मिळतो, ऊब मिळते आणि अंधार. वरून झाकण असल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

पण झाकण धोक्याचं आहे. झाकण लावलेलं विसरून कुणी खटका दाबला तर वरची वाफ कोंडेल, झाकण तापेल, त्यावर फडकं असेल तर पेटेल. दोन दिवस यावर अडलो होतो. शेवटी बिजागरीलाच एक जीभ काढली. झाकण बंद असेल तर ती जीभ खटक्याच्या वाटेत येते, खटका खाली जातच नाही. झाकण मागं उलटं उघडलं की जीभ बाजूला होते. एक जादा पट्टी, एक वाकण, काम झालं. पंचवीस वर्षं पत्रा वाकवतोय, एवढं समाधान क्वचितच मिळालं.

तळाचा ट्रे पुढं ओढून निघतो. कुठल्याही कडेला दोन मिलिमीटरपेक्षा मोठी फट नाही.

५ सप्टेंबर

सुरक्षेचं काम. दोन्ही वायरी तोडणारा स्विच, म्हणजे सॉकेट उलटं असलं तरी खटका वर आला की तारेवर काही राहत नाही. अर्थिंगची वायर सांगाड्याला वेगळ्या बोल्टनं, दातेरी वॉशर लावून, दुसरं काही त्या बोल्टवर नाही. पावसातली दमट रात्र उघड्यावर ठेवून सकाळी मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला, आकडा कालच्यापेक्षा बराच खाली. मायकाच्या कापलेल्या कडांनी ओल धरली होती. एक घाणा रिकामा चालवला की परत वर. तरी कडा तारेपासून आणखी चार मिलिमीटर लांब ठेवणार.

विक्रीचा विचार झाला तर आयएस ३०२ या घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय एकही नग बाहेर जाणार नाही. तोवर हे घरचं काम.

बाहेरचा पत्रा दुहेरी, मध्ये हवा. तीन घाण्यांनंतर बाजूला तळहात टेकवून ठेवता येतो. वरची कड मात्र तापते, तिथं लाकडी दांडी लावावी का ते बघतोय.

१२ सप्टेंबर

रंगाचं बटण. त्यावर आकडे घातले नाहीत. चार ठिपके, फिक्या पिवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत, पावडर कोटिंगवाल्याकडून छापून घेतले. शेवटच्या ठिपक्यापुढं बटण फिरतच नाही, आत खिळी लावलीय. स्टार्चचे पदार्थ जास्त तापानं गडद भाजले की ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायन तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, तेव्हापासून सोनेरीवर थांबावं असाच सल्ला आहे. मेस्त्री म्हणाले, गिऱ्हाईक काळं मागतंय काहीवेळा. मागू दे. माझ्या टोस्टरमध्ये ती जागा नसेल.

१९ सप्टेंबर

मालाचा हिशोब: पत्रा, पट्टी, मायका, चुंबक, स्विच, स्प्रिंगा, वायर मिळून १,३८० रुपये. मजुरी धरलेली नाही. महाग आहे. पण सगळे स्क्रू एकाच मापाचे, फुलीचे, आठ. मायकाचा पत्रा एक बाजू उघडून बदलता येतो, घड्याळ लावून अकरा मिनिटं लागली मला, मेस्त्रींना सात.

२८ सप्टेंबर

पहिला पूर्ण नग घरी ओट्यावर. पाच दिवस झाले. रोज सहा ते आठ घाणे.

आई आधी जवळ जाईना. पहिल्या दिवशी स्लाइस वर आल्यावर तिनं प्लग काढला, मगच हात लावला. काढू दे, ती सवय चांगलीच आहे. आज सकाळी बघितलं तर प्लग लावलेलाच होता आणि तिनं दोन बोटांनी स्लाइस उचलून ताटलीत ठेवली, चहा गाळता गाळता.

तक्रारी दोन. ट्रेची कड ओल्या हातानं धरता येत नाही, निसटते. कड आत वळवून अंगठ्यापुरती खोबण द्यायची. आणि झाकण उघडताना भिंतीला लागतं, आमचा ओटा अरुंद आहे. बिजागरी मागून काढून बाजूला घेतली तर जीभही फिरवावी लागेल. सोमवारी गोकुळ शिरगावला लेझर कटिंगला पुढचे तीन पत्रे टाकायचेत, त्याआधी हे ड्रॉइंग बदलून घ्यायचं.